काबुये मास्तरांची अट

बायको गेल्यावर मातियाला स्वयंपाक हळूहळू जमला. पोरांचे गणवेश धुणं, इस्त्री करणं, धाकट्याच्या शर्टाला बटण लावणं, तेही जमलं. युगांडातल्या मसाका गावात, बाजारामागे त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. दिवसभर लोखंडी फाटकं आणि खाटा करणाऱ्या हातात सुईदोरा टिकतो, हे त्याला चाळिशीनंतर कळलं. अडलं एकाच ठिकाणी, पोरांच्या अभ्यासापाशी.

तेओपिस्ता शिक्षिका होती. शाळेतून आली की मागच्या ओट्यावर चटई टाकून जेवणाची कच्ची केळी सोलायला बसायची, आणि दोन्ही पोरं तिच्या दोन बाजूंना. ती पुस्तक उघडायची नाही, फळा नाही, काही नाही. नुसत्या गप्पा चालायच्या. मातिया नळावर हातपाय धुताना ऐकायचा. गोरेटी आईवर वैतागलेली असायची, आई हसत असायची. मायलेकींचं चाललंय काहीतरी, असं म्हणून तो आत जायचा. त्या गप्पांतच अभ्यास होतो हे त्याच्या कधी डोक्यात आलं नाही, कारण पोरांचे नंबर आपोआप चांगले येत होते.

आता गोरेटी सातवीत होती. सातवीची सरकारी परीक्षा नोव्हेंबरात, आणि त्या एका परीक्षेवर पुढची शाळा ठरते. आई असताना ती वर्गात पहिल्या तिघांत असायची. आई गेल्यापासून ती कोरे पेपर देत होती. वर्गात उभं केलं की उभी राहायची, बसायला सांगितलं की बसायची, तोंडातून शब्द नाही. घरीही कामापुरतं बोलायची. नऊ वर्षांचा आकिलेओ रडून, भांडून, खाऊन पुन्हा खेळायला लागला होता. गोरेटी रडलीही नव्हती.

मुख्याध्यापिकेने मातियाला बोलावून सांगितलं की मे महिन्याच्या सुट्टीनंतर परीक्षेसाठी नावं पाठवायची आहेत. तोवर मुलीत फरक पडला नाही तर तिला पुन्हा सहावीत बसवावं लागेल. घरी शिकवणी ठेवा, चांगलं माणूस बघा. मातिया मान हलवून बाहेर आला. सातवीचा निकाल लागल्यावर पोरीला स्वतःच्या जुन्या शाळेत, नन चालवतात त्या शाळेत, घालायचं हे तेओपिस्ताने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. शेवटच्या आजारातही तेच बोलत होती.

शिकवणीसाठी माणूस हवंय, असं त्याने दुकानाशेजारी चहा आणि कसाव्याचे उकडलेले कंद विकणाऱ्या स्पेसिओझाला सांगितलं. इथे पहिली चूक झाली. स्पेसिओझाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारभर होते, आणि होताना थोडी बदलते. विधुर माणूस घरासाठी बाई शोधतोय, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

पहिली आली ती स्पेसिओझाचीच मावसबहीण. नखं रंगवलेली, बोलायला गोड. तिने पोरांची नावं विचारली नाहीत. खोल्या किती, जागा स्वतःची की भाड्याची, हे विचारलं आणि बोलता बोलता चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून बघितलं. मातियाने दुसऱ्या दिवशी स्पेसिओझाला म्हटलं, की मला गणित शिकवणारं माणूस हवंय.

"येईल की गणितही," स्पेसिओझा कप विसळत म्हणाली. "आधी घर तर बघू दे तिला. तू काय पाटी-पेन्सिलीशी संसार करणार आहेस का?"

दुसरा आला तो विद्यापीठात शिकणारा पोरगा. त्याने जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा गोरेटीपुढे ठेवला आणि स्वतः मोबाइल बघत बसला. तासाभराने बघितलं तर गोरेटीने सगळ्या कागदांवर स्वतःचं नाव लिहिलं होतं, बाकी काही नाही. तिसरा नावाजलेला होता, सकाळ-संध्याकाळ घरोघरी शिकवण्या करायचा. त्याने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, गोरेटीला एक प्रश्न विचारला, पुन्हा विचारला, आणि मातियाकडे वळून म्हणाला, पोरगी हट्टी आहे, छडीशिवाय वळणार नाही. मातियाने त्याला फाटक उघडून दिलं. फाटक त्याने स्वतः केलेलं होतं. ते कसं आवाज न करता बंद होतं हेही त्याने त्या माणसाला दाखवलं.

मग त्याला काबुये मास्तर आठवले. तेओपिस्ता पहिल्यांदा नोकरीला लागली त्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. आता निवृत्त होऊन गावाबाहेर आपली कॉफीची झाडं सांभाळत होते. शिकवण्या घेत नव्हते. मातिया त्यांच्याकडे गेला, बाकावर टेकला, आणि काय झालंय ते त्याला जमेल तसं सांगितलं. मास्तर वाळत घातलेली कॉफी पायाने पसरत होते. सगळं ऐकून म्हणाले, येतो शनिवारी.

शनिवारी मास्तर आले. पांढरा झगा, त्यावर कोट, हातात छत्री. मातियाने खुर्ची पुढे केली, पण ते दारातच उभे राहिले.

"घरच्या बाई कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

मातियाला वाटलं, म्हातारं माणूस, विसरले असतील. तो हळूच म्हणाला, "मास्तर, ती गेली ना. तुम्ही मातीला आला होतात."

"मातीला आलो होतो, आणि जानेवारीत शेवटच्या विधीलाही आलो होतो. तुमच्या सासऱ्यांच्या अंगणात मी पुढेच बसलो होतो. तिच्या भावाच्या मुलीला झाडाच्या सालीचं वस्त्र पांघरलं, हातात केळी सोलायची सुरी दिली. कुळाच्या म्हाताऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की ही आता तेओपिस्ता, ही या पोरांची आई. खरं ना?"

"खरं."

"मग या घरात आई आहे. ती कुठे आहे, एवढंच विचारतोय. आईला भेटल्याशिवाय मी कुणाच्या पोरांना शिकवत नाही, आणि शिकवताना ती समोर बसायला लागते. तेवढी माझी अट आहे."

तो दिवस मातियाला नीट आठवत होता. रेजिना नावाची ती चौदा वर्षांची पोरगी चटईवर मान खाली घालून बसली होती. खांद्यावरचं वस्त्र तिला मोठं होत होतं. म्हाताऱ्यांनी पोरांना बोलावलं, आईपुढे गुडघे टेका म्हणाले. आकिलेओ टेकून आला. गोरेटी उठली ती सरळ मागच्या केळीत पळाली, आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आली नाही. मातियानेच म्हाताऱ्यांच्या हातापाया पडून सांगितलं होतं, की राहू द्या, पोरीला त्रास देऊ नका. रेजिना आजीकडे राहिली. रीत अशी, की आई झालेल्या पोरीला घरी आणायचं, तिला पोरांमध्ये बसवायचं, सणाला साखर-साबण पाठवायचा. मातियाने यातलं काहीच केलं नव्हतं. गोरेटीला विसरू दे, असं तो स्वतःला सांगत आला होता.

"मास्तर, ती लहान आहे," तो म्हणाला. "स्वतःच सहावीत आहे. ती काय शिकवणार?"

"तिने शिकवावं असं मी कुठे म्हणालो? तिने बसावं."

मास्तरांनी चहा घेतला, कारण दिलेला चहा नाकारून कुणी उठत नाही. आकिलेओला एक कोडं घातलं. गोरेटी खिडकीपाशी पाठमोरी बसली होती, तिच्याशी ते एक शब्दही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, आई आली की निरोप पाठवा.

त्या संध्याकाळी मातियाने गोरेटीला विचारलं, की रेजिनाला सुट्टीत घेऊन येऊ का. गोरेटी ताटल्या पुसत होती.

"मला ती नको," ती म्हणाली. कितीतरी दिवसांत न विचारता निघालेलं तिचं पहिलं पूर्ण वाक्य तेच होतं. मातियाला वाईट वाटलं, आणि तिला निदान राग तरी आला याचं थोडं बरंही वाटलं.

तरी तो गेला. साखर, साबण, मटण आणि सासूसाठी लुगडं घेऊन गेला. सासरचं घर जुनंच, पुढे अंगण आणि भोवती केळी. मेहुणा पोलो अंगणातच भेटला. त्याने पिशव्या घेतल्या नाहीत, आधी टोमणा मारून घेतला.

"काय दाजी, बायकोला माहेरी टाकून कुठे गायब होता इतके दिवस? आम्ही म्हटलं, दुसरी केली वाटतं."

आजूबाजूच्या बायका हसल्या. रीतीप्रमाणे रेजिना आता नावापुरती त्याची बायकोच लागत होती, आणि अशी थट्टा करायचा मेहुण्याचा हक्क होता. मातियाने मान खाली घालून ऐकून घेतली. थट्टेत राग होता, हे त्याला कळत होतं.

सासू आतल्या खोलीत बसली. जावई आणि सासू समोरासमोर येत नाहीत. दाराला पडदा, पडद्याआड ती, पडद्याबाहेर जमिनीवर मातिया. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याने तिचा चेहरा धडपणे पाहिला नव्हता. मातीच्या दिवशीसुद्धा तिचं रडणं त्याने भिंतीपलीकडूनच ऐकलं होतं.

त्याने शाळेचं, शिकवणीचं, मास्तरांच्या अटीचं सगळं सांगितलं.

"जावईबापू," सासू म्हणाली, "तुम्ही ती पोर इथेच ठेवलीत, तेव्हा मला वाटलं, तुम्ही नातंच परत केलंत. लेक गेली, आता तिकडचं काही राहिलं नाही, असं मी धरून चालले."

"तसं नव्हतं, आई. गोरेटीला त्रास होईल म्हणून."

"आणि रेजिनाला झाला नाही? तिला चारचौघांत आई केलं, आणि कुणी तिला हाक मारायला आलं नाही. शाळेत पोरी विचारतात, काय गं, तुझी पोरं कुठे आहेत. विहिरीवर जायला लाजते ती."

मातियाने चुकलं म्हटलं. एकदा म्हटलं, मग पडद्याच्या जवळ सरकून पुन्हा म्हटलं. आतून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग सासूने रेजिनाला पिशवी भरायला सांगितलं.

परत येताना टॅक्सीत रेजिना खिडकीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत वर ती सुरी, फडक्यात गुंडाळलेली. अर्धा रस्ता झाल्यावर तिने विचारलं, "मी तिथे काय करायचं?"

"मलाही नीट माहीत नाही," मातिया म्हणाला.

"गोरेटी मारेल का मला?"

"मारणार नाही. बोलणारच नाही."

रेजिनाने यावर थोडा विचार केला. मग तिने विचारलं, की तुमच्या गावातल्या शाळेत सहावीच्या वर्गात पोरं फार असतात का. मातियाने विचारलं, का गं. ती म्हणाली, उगीच.

घरी पोचल्यावर गोरेटी बाहेर आली नाही. आकिलेओ मात्र धावत आला, रेजिनापुढे टेकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आई, मला भूक लागलीय." रेजिनाने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग तिला समजलं आणि ती कानापर्यंत लाजली, पण पिशवी ठेवून सरळ चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. रेजिनाने त्यांच्यापुढे गुडघे टेकले, आणि मास्तरांनी तिला घरच्या मोठ्या बाईला विचारावं तसं विचारलं, की घरची मंडळी बरी आहेत ना, पोरं त्रास देत नाहीत ना. रेजिना चाचरत हो, नाही म्हणाली. मग तिला केळी सोलायला चटईवर बसवून मास्तरांनी अपूर्णांक सुरू केले. बोलत होते दोन्ही पोरांशी, पण गोरेटीला त्यांनी काही विचारलं नाही. ती भिंतीला टेकून बसली होती आणि रेजिनाच्या हातातल्या सुरीकडे बघत होती. उठताना मास्तर रेजिनाला म्हणाले, "बाई, आज काय शिकवलं ते उद्या तुम्ही मला सांगायचं. पोरांकडून समजून घ्या."

मातिया त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. तो म्हणाला, की मास्तर, त्या पोरीला यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही.

"नसेलच," मास्तर म्हणाले. "आणि ही अट माझी नाही. तुमच्या बायकोची आहे. नोकरीला लागली तेव्हा वर्गातल्या सगळ्या पोरांना सांगायची, घरी जाऊन आईला शिकवा. बायका माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या, की ही नवी बाई आम्हाला म्हातारपणी शाळेत बसवतेय. पहिल्यांदा मीही रागावलो होतो. मग निकाल बघितला. तिने तुम्हाला सांगितलं नाही कधी?"

मातियाने मान हलवली. तेओपिस्ताने सांगितलंही असेल. संध्याकाळी दमून आल्यावर त्याने किती ऐकलं असेल, कुणास ठाऊक. मास्तर गेल्यावर तो मागच्या नळावर जाऊन हात धूत राहिला. हात स्वच्छच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारीच दुकान हाताखालच्या कामगारांवर सोपवून तो घरी आला. मागच्या ओट्यावर रेजिना केळी सोलत होती आणि आकिलेओ तिला शिकवत होता. तो मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होता, की एक तृतीयांश हे एक द्वितीयांशापेक्षा मोठं, कारण तीन दोनापेक्षा मोठे. रेजिना मनापासून मान हलवत होती. मातिया नळापाशी थबकला. गोरेटी दारात उभी होती. ती दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली.

"चुकीचं सांगतोय तो तुला," ती शेवटी म्हणाली.

रेजिनाचा हात थांबला. "मग बरोबर काय?"

"मास्तरांनी काल दोनदा सांगितलं. तू कुठे बघत होतीस?"

"तुझ्याकडे," रेजिना म्हणाली. "तू मला मारशील असं वाटत होतं."

गोरेटी खाली चटईवर बसली. "सुरी दे इकडे," ती म्हणाली. रेजिनाने सुरी मुठीकडून पुढे केली. गोरेटीने एक केळं मधोमध कापलं, दुसऱ्याचे तीन तुकडे केले, आणि दोन्हींतला एकेक तुकडा शेजारी ठेवला. हा घेशील की हा, भूक लागली असली तर? रेजिनाने बरोबर तुकडा उचलला, पण पुढच्याच प्रश्नाला पुन्हा चुकली. मग आणखी केळी, आणखी तुकडे. गोरेटीचा आवाज चढायला लागला. तो वैतागलेला आवाज मातियाने वर्षानुवर्षं याच जागेवरून ऐकला होता.

"तुला खरंच कळत नाही," गोरेटीने विचारलं, "की कळत नाही असं दाखवतेस?"

"तसं कशाला दाखवेन?" रेजिना गोंधळून म्हणाली.

गोरेटी हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली.

"आई दाखवायची," ती म्हणाली. "तिला सगळं यायचं, तरी विचारायची. मला माहीत होतं. तरी मी सांगायचे."

आणि ती रडायला लागली. आवाज न करता, सुरी हातात धरून. आकिलेओ घाबरून मातियाकडे बघायला लागला; मातियाने त्याला हातानेच गप्प राहा म्हटलं. रेजिनाने उरलेली केळी गोरेटीच्या पुढ्यात सरकवली. थोड्या वेळाने गोरेटीने डोळे दंडाला पुसले, पुढचं केळं घेतलं आणि म्हणाली, "आता चार भाग. बघ नीट."

त्या दिवशी केळ्यांचे एवढे तुकडे झाले, की पानात बांधून वाफवायला एकही अख्खं केळं उरलं नाही. सकाळी करतात तसे सगळे तुकडे शेंगदाण्याच्या रश्शात शिजवून त्यांनी ते रात्रीच्या जेवणाला खाल्ले. आकिलेओ म्हणाला, अपूर्णांक चांगले लागतात.

त्याआधी संध्याकाळी मास्तरांनी रेजिनाला विचारलं, "हं बाई, सांगा." रेजिना अर्ध्यात अडली. मास्तर वाट बघत राहिले.

"तिला येतं, मास्तर," गोरेटी म्हणाली. "घाई करू नका तिला."

त्यानंतर मास्तर सुट्टीभर येत राहिले. सुट्टी संपल्यावर शाळेने घेतलेल्या पहिल्या चाचणीत गोरेटीचा पेपर कोरा नव्हता. गुण पूर्वीसारखे नव्हते, पण तिने कागदाची मागची बाजूसुद्धा भरली होती. मुख्याध्यापिकेने परीक्षेसाठी तिचं नाव पाठवलं.

रेजिनाची गावाकडची शाळा आठवडाभर उशिरा सुरू होणार होती, म्हणून ती अजून इथेच होती. निघायच्या सकाळी तिने पिशवी भरून दारात ठेवली. गोरेटी तिला अजून आई म्हणत नव्हती. ती तिला नावानेच हाक मारायची, कधी कधी तेही टाळून नुसतं "ए" म्हणायची. गोरेटी आली, तिने पिशवीतून फडकं काढलं, सुरी उलगडून स्वयंपाकघरात नेली आणि तेओपिस्ताची सुरी असायची त्या फळीवर ठेवली.

"ही इथेच राहू दे," ती म्हणाली. "तिकडे आजीकडे आहे की दुसरी."

रेजिनाने मातियाकडे बघितलं. मातियाने पिशवी उचलून आत ठेवली आणि एकटाच बसस्टँडवर गेला, वाटेत साखर घेऊन.

पोलो अंगणात होता, पण या खेपेला त्याने आधी पिशवी घेतली. मातिया पडद्यासमोर बसला. घसा खाकरून त्याने सुरुवात केली, की रेजिनाला आमच्याकडच्या शाळेत सहावीत घालावं असं मनात आहे, मास्तर तिघांनाही शिकवायला तयार आहेत, तुमचं काय म्हणणं.

"सुरी कुठे आहे?" पडद्याआडून सासूने विचारलं.

"आमच्या घरी. गोरेटीने फळीवर ठेवलीय."

"मग मला काय विचारता," सासू म्हणाली, आणि पोलोला हाक मारून तिने जावयासाठी चहा ठेवायला सांगितला.